लागला की लावला

३ डिसेंबर १९७२, रविवार

दादाच्या पुष्पाला नोकरी लागली. ठाण्याला, आमच्याच कारखान्यात, ऑफिसात टायपिस्ट. १ जाने. पासून. मी तिथं स्टोअरकीपर, पण माझ्या वशिल्यानं नाही, तिच्या स्पीडनं लागली. दादानं एक पेढा वहिनीच्या फोटोपुढं ठेवला, एक मला दिला. मग बोटं धोतराला पुसत म्हणाला, "गाडी काढ."

म्हटलं, कुठली?

"आपले दारात दोन-चार हायेत का?"

दीड वर्ष पडवीत उभी आहे. खारीकडची जमीन गेली तेव्हा आलेल्या पैशात दादानं हौसेनं सेकंड हँड घेतली होती. ती मी चालवायची आणि नवघरात कुणाला दुखलंखुपलं की न्यायचं. काजूपाड्याच्या उतारावर माझ्या हातून ती उभ्या लॉरीला ठोकली. पुढं वहिनी बसली होती. मला खरचटलं, वहिनी संध्याकाळी गेली. तिसऱ्या दिवशी दादानं गाडी टोचन करून घरी आणली. पुढं लॉरी, मध्ये दोरी, मागं स्टेअरिंगवर दादा. त्याला गाडी येत नाही, स्टेअरिंग फिरवता येतं आणि ब्रेक कुठला ते माहीत.

तेव्हापासून हात लावलेला नाही. आज ताडपत्री उचलून बघितलं. मागच्या सीटवर कोंबडीनं चार अंडी घातलीत. पुढच्या सीटला अजून सुकटीचा वास. वहिनीच्या माहेरची, चेण्याची सुकट.

काही वाटलं नाही. अंडी घेऊन आत आलो.

५ डिसें., मंगळ

बसनं गेलो, बसनं आलो. काजूपाडा आला की मी बाहेर बघत नाही, शेजारच्याच्या खिशाकडं बघतो. कंडक्टर आता माझ्यावर नजर ठेवून असतो. पाकीटमार दिसतो की काय मी?

दादाला म्हटलं, पु. माझ्याबरोबर बसनं येईल.

"गाडी घरात आन् पोर येष्टीत लोंबकलत जावाची?"

विषय संपला. दादा मीठागरावर निघून गेला. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भरतीला काठीनं हाकलणं. पु. आतून ऐकत होती. आईच्या जागी बसायचं आहे तिला. रोज जाऊन येऊन. हे दादाला कळत नसेल असं नाही.

९ डिसें., शनि

गाडीचे कागद शोधताना माझ्या जबाबाची नक्कल हाती आली. पहिल्यांदाच नीट वाचली. "समोर लॉरी उभी असताना ब्रेक लावला नाही." त्यातल्या 'लावला'वर काट. वर बारीक अक्षरात 'लागला'. काटेशेजारी हवालदाराची सही.

पाचवा दिवस होता. हवालदार घरीच आला होता, ओट्यावर सतरंजी टाकून बसलो होतो. तो विचारत होता, मी बोलत होतो. काय बोललो ते एक शब्द आठवत नाही. दादा भिंतीला टेकून. पाच दिवसांत तो कुणाशी बोलला नव्हता. एकदम म्हणाला, "सायेब, लावला न्हाय लिवू नका. लागला न्हाय. ग. गनपतीचा ग."

हवालदारानं काट मारली. पंधरवड्यानं इन्स्पेक्टर आला, त्यानं ब्रेकचं पेडल दाबलं, ते नुसतंच तळाला गेलं. कागद आणि पेडल जुळलं. केस मिटली.

मी लागलाच बोललो असणार. हवालदाराला नीट ऐकू आलं नसेल. वहिनी गेली त्या सालच्या पाडव्याला विश्राम मिस्त्री म्हणाला होता, ब्रेकचे लायनर घासले असतील, एकदा उघडून बघू. मी म्हटलं होतं, पावसाळ्याआधी बघू. एवढा माझा गुन्हा. आळस. तो मी कबूल करतो, रोज करतो, आणि जेवतो.

१० डिसें., रवि

मिस्त्री आला. मूळचा रत्नागिरीकडचा, काशीगावला हायवेवर त्याचं गॅरेज. नवी बॅटरी टाकून दोन तास खटपट केली, गाडी खोकली, मग सुरू झाली. पु. नं टाळ्या वाजवल्या आणि लगेच हात खाली घेतले. पेडल तळाला जातंय म्हणून मिस्त्री हँडब्रेकवर, बैलगाडीच्या चालीनं काशीगावला घेऊन गेला. मी सायकलनं मागं.

त्याला सांगितलं, बाकी कायपण कर. ब्रेक मला चांगल्यातले चांगले पाहिजेत.

"चांगल्यातले म्हंजे कंचे वो, अनंतराव?"

म्हटलं, लागणारे.

तो हसला. त्याला काय माहीत.

१४ डिसें., गुरु

जेवणाच्या सुट्टीत ठाण्यात पार्टच्या दुकानात. शेठनं काउंटरवर तीन तऱ्हेचे लायनर मांडले. हाताच्या पंजाएवढे, वाकडे, ड्रमच्या आत बसतात ते. पहिला आत्ता आहे तसला साधा. दुसरा पितळी तार घालून विणलेला, जरा महाग. तिसरा काळा, कडक, दगडासारखा, घाट उतरणाऱ्या माल भरलेल्या गाड्यांना घालतात तो.

मी तिसरा उचलला.

शेठ: "रोज का चलाना है ने? घर से नौकरी, नौकरी से घर? तो बीचवाला लो ने भाई."

म्हटलं, सबसे मजबूत कौन सा?

"मजबूत तो ये. लेकिन..."

लेकिन ऐकलंच नाही. चारही चाकांचे बांधून घेतले. बसमध्ये पुडकं मांडीवर. बरंच जड होतं. त्या वजनानं बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी काहीतरी बरं वाटलं.

१७ डिसें., रवि

सकाळी पुडकं घेऊन काशीगावला. मिस्त्रीनं उघडलं आणि कपाळाला हात लावला. "ह्ये कुनी सांगितलं? ह्यो तापल्याबिगर धरत न्हाय. घाटात दहा येळा दाबतात तवा ह्याचा हात बसतो. तुमी सकालच्याला थंड गाडी काडनार, नाक्यावर म्हस आडवी आली, पयला ब्रेक दाबला, आनि ह्यो नुस्ता घसरनार. मजबूत म्हंजे काय लोखंड दाबायचंय तुमाला?"

मग त्यानं पुढचं चाक काढलं. ड्रम गंजून बसला होता, खारी हवा. हातोडीनं ठोकून सैल केला, ओढला, धूळ उडाली. आतला जुना लायनर त्यानं फडक्यानं पुसला, अंगठा फिरवला.

"ह्ये बगा," म्हणाला. "रिवेटच्या वर केवडं मांस हाय अजून. मीच उगाच बोललो व्हतो तुमाला पाडव्याला. वरीसभर चालला असता."

मी विचारलं, मग पेडल तळाला कसं गेलं?

तो गाडीखाली शिरला. आतूनच बोलला. पुढचा ब्रेकच्या तेलाचा पाइप चेपलाय, सांध्यातनं थेंब थेंब तेल गेलंय. हा ठोकल्यावर चेपला. आधी नाही.

"नक्की?"

"बंपर आत घुसलाय तिथंच चेपलाय न्हवं. बंपर काय आदीच घुसला व्हता?"

दुसरं चाक काढलं. तसंच. तिसरं काढू नका म्हटलं, पण काढलं त्यानं. चौथंही.

जुना एक लायनर रुमालात बांधून आणलाय. मिस्त्रीनं विचारलं, ह्यो कशाला? म्हटलं, मापाला.

१८ डिसें., सोम

ऑफिस. बोल्ट ३/८, दोन ग्रोस. ग्रीसचे डबे सहा. सगळं बरोबर लिहिलं.

१९ डिसें., मंगळ

हात, पाय, डोकं जागेवर आहे. जेवण जातंय. पु. नं भाकरी वाढताना विचारलं, काका, बरं नाही का? म्हटलं, बरं आहे. खरंच बरं आहे. दुखत कुठंच नाही, तीच पंचाईत.

दीड वर्ष मी आळशी माणूस म्हणून जगलो. आळशी माणसाला जगता येतं. आता ते पण काढून घेतलं मिस्त्रीनं, रिवेटवरचं मांस दाखवून.

२० डिसें., बुध

एकदा लिहून टाकतो. इथं कोण वाचतंय.

चेण्याहून येत होतो. वहिनीच्या मांडीवर सुकटीची पिशवी. मे महिना. काजूपाड्याचा चढ संपला, उतार लागला. वहिनी एकदम म्हणाली, "अनंता, बग बग, करवंदा! काली झाल्यान!" आणि काचेवर बोट टेकवलं. मी डावीकडं बघितलं. खरंच जाळी काळी झाली होती. मनात आलं, थांबू या का? लहानपणी ती मला पानाच्या द्रोणात आणून द्यायची. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. दादाशी लग्न होऊन आली तेव्हा ती सतरा वर्षांची आणि मी सहा.

मान वळवली तेव्हा लॉरीचं मागचं फळकूट दिसलं, त्यावरचं पिवळं फूल दिसलं. पाय कुठं होता ते आठवत नाही. पेडल पायाला लागल्याचं आठवत नाही. फूल आठवतं.

हे कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर दोन गोष्टी होतात. एक, मी लावला नाही हे कबूल होतं. दुसरी, लोक म्हणतील तिनंच दाखवलं ना. म्हणजे मेलेल्या बाईवर ढकललं. पहिल्यापेक्षा दुसरीची भीती जास्त आहे, असं मी स्वतःला सांगतो. खरं असेल किंवा नसेल.

२१ डिसें., गुरु

पु. नेमणुकीचा कागद सही करायला ठाण्याला आली होती. तिला घेऊनच लायनर बदलायला गेलो. शेठ मला बघून म्हणाला, "मैं बोला था ने?" मग पु. ला सगळं समजावून सांगितलं, जणू गाडी तिचीच. साधा पण चालेल, पण तार घातलेला थंडीतही धरतो, पावसातही धरतो, कडक जेवढा टिकतो तेवढा टिकणार नाही, लवकर घासेल, लवकर बदलावा लागेल. "रोज के रस्ते का यही है बेटी. पहले दाब में पकड़ता है."

पु. म्हणाली, "मग हेच घ्या काका. पहिल्याच दाबाला धरणारे. दुसरा दाब कुठं मिळतो?"

ती आपली सरळ बोलली. मी शेठच्या मागच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. जुनं कॅलेंडर, ऑगस्टवरच थांबलेलं.

बाहेर उसाचा रस घेतला. पु. नं विचारलं, "काका, मी पुढं बसू ना?"

म्हटलं, मागं मोकळं असतं.

"मला पुढं बसायचंय."

रस गोड होता. बर्फ जास्त.

२४ डिसें., रवि

लायनर बसले. पाइप नवा. मिस्त्रीच्या सूचना: पहिले दोनशे मैल जोरात दाबायचं नाही. "नवी नवरी समजा. ड्रमशी वळख व्हऊ दे. हलू हलू दाबा, सोडा, परत दाबा. मंग जल्माची साथ." त्याचं स्वतःच्या बायकोशी पटत नाही हे अख्ख्या काशीगावला माहीत.

काशीगाव ते नवघर मी चालवत आणली. दीड वर्षानं. पाय सगळा वेळ पेडलवर. रिकाम्या रस्त्यावर, काही कारण नसताना, दाबून बघायचो. धरायचा. परत दाबायचो. धरायचा. मागून एक सायकलवाला ओरडला, "ओ भाय, चालना है की नहीं चालना है?"

दादा दारात उभा. गाडीला फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला. विचारलं, "जुने कुटं हायेत?"

म्हटलं, मिस्त्रीकडं. भंगारात.

माझ्या पेटीत रुमालात एक आहे. दादाशी मी आयुष्यात फार खोटं बोललो नाही. हे दुसरं. की पहिलंच, दीड वर्षापूर्वीचं, अजून चालू आहे?

२८ डिसें., गुरु

रोज सकाळी नवघर ते काशीमिरा नाका आणि परत. मग बसनं कामावर. बावन्न मैल झाले. ब्रेक सकाळी थोडा कुरकुरतो, मिस्त्री म्हणतो, थंडी.

नाक्याच्या पुढं घोडबंदरच्या रस्त्याला अजून गेलेलो नाही.

३१ डिसें., रवि

सकाळी दादा मीठागरावर गेला नाही. इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या सीटवर येऊन बसला. म्हणाला, "चल चेन्याला. उद्या पोरीला नेयाची, आज मना ने."

नाका गेला. काजूपाड्याचा चढ. मी दुसऱ्या गियरवर. चढ संपला, तेवढ्यात समोरून एक म्हातारा बकऱ्या घेऊन रस्त्यात उतरला. लांब होता. घाई नव्हती. मी दाबला. गाडी गुळगुळीत थांबली. दादाचे हात गुडघ्यांवर होते, ते हललेसुद्धा नाहीत.

दादा म्हणाला, "लागला."

म्हटलं, हो. नवे आहेत.

बकऱ्या जात होत्या, चुकार एक मधेच उभी. दादा तिच्याकडं बघत म्हणाला, "तवाबी लागत व्हता."

मला ऐकू आलं. तरी मी "काय?" म्हटलं.

"टोचनवर मीच बसलो व्हतो ना. दोरी सैल पडली का दाबावा लागतो. नाक्यापासून घरापर्यंत चार येला दाबला. चारी येला धरला."

इंजिन चालू होतं. मी बंद केलं.

विचारलं, मग हवालदाराला ग का सांगितलास?

दादानं काच खाली केली. मग म्हणाला, "बायको गेली व्हती. भाऊ पन देऊ?"

मी रडेन असं वाटलं. रडलो नाही. मी म्हटलं, दादा, त्या वेळी वहिनीनं...

त्यानं हात वर केला. मीठागरावर भेगाळलेला हात. "मना नको सांगू. मी कदी इचारला? पोर इचारील. तिला सांग."

म्हटलं, तिला काय सांगू?

"जा झाला ता." जे झालं ते.

पुढं चेण्याला गेलो नाही. तिथूनच गाडी वळवली. येताना दादा म्हणाला, ब्रेक चांगले बसवलेत विश्रामनं. मी म्हटलं, हो, मधले घेतले, रोजच्या रस्त्याला तेच बरे. नवघर येईपर्यंत आम्ही दोघं लायनरवरच बोललो.

१ जानेवारी १९७३, सोमवार

स्टोअरमध्ये काउंटरवर लिहितोय. लपवायला वर स्टॉकचं रजिस्टर.

सकाळी सव्वासातला निघालो. दादानं गाडीला हार घातला होता, झेंडूचा. नारळ फोडला. पु. नवी साडी, पुढं बसली. वहिनी बसायची तशीच, दाराकडं कलून, पिशवी मांडीवर. पिशवीत डबा. सुकटीची चटणी होती, वास आला.

नाक्यावर ब्रेक कुरकुरला. पु. म्हणाली, हे रोज असंच गाणार का? म्हटलं, गाडी तापली की गप्प बसतो.

काजूपाड्याला मी समोर बघत होतो. फक्त समोर. उतार लागताच पाय पेडलवर ठेवला. लावला. लागला. दोन्ही.

पु. डावीकडं बघत होती. जाळ्या आता नुसत्या हिरव्या आहेत, करवंदांना वेळ आहे. काचेवर तिनं काही बोट टेकवलं नाही. पुढं गायमुख आल्यावर तिनं विचारलं, "काका, आई शेवटचं काय बोलली?"

मी गियर बदलला. बदलायची गरज नव्हती.

म्हटलं, संध्याकाळी येताना सांगतो.

"नक्की?"

म्हटलं, नक्की.

दिवसभर काम झालं. जुना लायनर आज पिशवीत घालून आणलाय. तो दाखवायचा की आधी बोलायचं, ते ठरत नाही. आधी काय सांगायचं? वहिनीला करवंदं दिसली होती ते? तिचा आवाज किती खूश होता ते? की सरळ, मी लावला

पाच वीस झाले. साडेपाचला सुटते ती. गाडी फाटकासमोर लावून ठेवली आहे, तोंड घराकडं करून.